प्रवाहमापकाची बोली

समता कॉलनी ही रायपूर शहरातील एक नांदती वसाहत आहे. शेजारच्या चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळाची वास्तू असल्यामुळे हा भाग रायपूरच्या मराठी कुटुंबांना चांगलाच परिचयाचा आहे. ह्या वसाहतीतील एखाद्या घरी सकाळी नळ सोडला की बादलीत पाणी पडू लागते. बादली भरली की नळ बंद होतो आणि पाण्याचा विचारही तेथेच थांबतो. परंतु त्या बादलीपर्यंत येण्यासाठी पाण्याने केलेला प्रवास लहान नाही.

रायपूरची तहान मुख्यतः खारून नदी भागविते. ही नदी पुढे शिवनाथेला मिळते आणि शिवनाथ महानदीला. उन्हाळ्यात खारूनचे पात्र रोडावते, तेव्हा धमतरीजवळच्या गंगरेल धरणातून, म्हणजे रविशंकर सागरातून, कालव्यावाटे पाणी सोडून शहराची गरज भागवावी लागते. नदीतून उपसलेले पाणी शुद्धीकरण केंद्रात येते, तेथून उंच टाक्यांत चढते आणि टाक्यांतून जमिनीखालच्या नळांनी वस्त्यावस्त्यांत उतरते. ह्या सर्व वाटेवर एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारावा लागतो : येथून किती पाणी गेले?

धुळे जिल्ह्यातील पांझरा नदीवर फड पद्धतीने शेती भिजविणाऱ्या गावांत हा प्रश्न पाटकऱ्याला विचारीत. पाट उघडा असे. पाणी कोठवर चढले हे त्याला डोळ्यांनी दिसे आणि गावाला त्याचा शब्द पुरे होई. शहरातील पाणी मात्र बंद नळातून वाहते. ते कोणाला दिसत नाही. म्हणून नळाला एक यंत्र बसवावे लागते आणि पाटकऱ्याचे काम त्या यंत्राकडे सोपवावे लागते. हे यंत्र म्हणजे प्रवाहमापक होय.

शहराच्या पाण्याचा हिशेब शेवटी वजाबाकीचा असतो. टाकीतून निघालेल्या पाण्याच्या मापातून वस्तीत पोचलेल्या पाण्याचे माप वजा केले की उरते ती गळती किंवा चोरी. दोन मापांपैकी एक जरी चुकले, तरी वजाबाकी चुकते आणि दोष भलत्याच्याच माथी बसतो; कधी वस्तीतील लोकांच्या, कधी नळ दुरुस्त करणाऱ्या कामगाराच्या. ‘मापात पाप’ ही म्हण आपण दुकानदाराला उद्देशून वापरतो. यंत्राच्या बाबतीत हे पाप बहुधा कोणाच्या मनात नसते. ते मापकाचा आकडा एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाताना वाटेत घडते. ते कसे घडते आणि ते टाळण्यासाठी यंत्रांना कोणती बोली शिकविली आहे, हे ह्या पुस्तिकेत पाहावयाचे आहे.

बंद नळातील वेग

वाहत्या पाण्यातून वीज निर्माण होते काय, हे पाहण्याचा प्रयत्न मायकेल फॅरडे ह्या थोर शास्त्रज्ञाने १८३२ च्या जानेवारीत लंडनमध्ये केला होता. चुंबकीय क्षेत्रातून वाहक पदार्थ सरकला की त्यात विद्युद्दाब उत्पन्न होतो, हा नियम त्याने आदल्याच वर्षी शोधून काढला होता. पृथ्वी हेच चुंबक आणि थेम्स नदीचे पाणी हाच वाहक, असे धरून त्याने वॉटर्लू पुलाजवळ तांब्याचे पत्रे पाण्यात सोडले व तारांनी ते जोडले. पृथ्वीचे क्षेत्र फार दुबळे. त्यातच धातू आणि पाणी ह्यांच्या रासायनिक क्रियेमुळे निर्माण होणारी वीज मध्ये येई. प्रयोगातून खात्रीलायक काही हाती लागले नाही. कल्पना मात्र बरोबर होती.

आजचा विद्युत्‌चुंबकीय प्रवाहमापक त्याच कल्पनेवर चालतो. नळाच्या एका लहान तुकड्याभोवती वेटोळी गुंडाळून आत चुंबकीय क्षेत्र निर्माण करतात. नळाच्या आतील बाजूस वीज न वाहू देणारे अस्तर असते आणि समोरासमोर दोन धातूची बटणे पाण्याला टेकलेली असतात. पाणी वाहू लागले की त्या दोन बटणांमध्ये अत्यल्प विद्युद्दाब उत्पन्न होतो. तो फार तर काही मिलिव्होल्ट असतो. पण पाण्याच्या वेगाच्या अगदी सम प्रमाणात. वेग कळला आणि नळाचा छेद ठाऊक असला की गुणाकाराने प्रवाह मिळतो.

एक उदाहरण घेऊ. समता कॉलनीसारख्या एखाद्या वस्तीला पाणी देणारा २०० मिलिमीटर व्यासाचा नळ आहे, असे समजू. त्याचा छेद सुमारे ०.०३१४ चौरस मीटर. पाणी दर सेकंदाला १.०९ मीटर वेगाने धावत असेल, तर तासाला साधारण १२३.५ घनमीटर पाणी जाईल. एक घनमीटर म्हणजे १,००० लिटर. हा १२३.५ चा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढील सर्व विवेचनात त्याचाच प्रवास आपण पाहणार आहोत.

एका प्रवाहाने दुसऱ्याची वार्ता

मापक जमिनीखालच्या चौकोनी खड्ड्यात असतो आणि हिशेब ठेवणारा माणूस दूरच्या नियंत्रण कक्षात. दोघांमध्ये तार आहे. तारेवरून आकडा पाठवावयाचा कसा?

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कारखान्यांत जी रीत रूढ झाली ती साधी आणि चतुर होती. मापकाने तारेतून वाहणारा विद्युत्‌प्रवाह कमीजास्त करावयाचा. पाणी थांबले असेल, तर ४ मिलिअँपिअर. पूर्ण क्षमतेने वाहत असेल, तर २०. आपल्या उदाहरणातील मापकाची कमाल मर्यादा तासाला २०० घनमीटर ठरविली असेल, तर १२३.५ घनमीटरसाठी तारेतून १३.८८ मिलिअँपिअर वाहतील. नियंत्रण कक्षातील उपकरण हा प्रवाह मोजते व उलट गणित करून पाण्याचा आकडा दाखविते.

शून्यासाठी शून्यच का घेतले नाही, असा प्रश्न येथे मनात येईल. त्यातच ह्या रीतीचे चातुर्य आहे. पाणी नसताना चार मिलिअँपिअर वाहतात आणि तार तुटली की काहीच वाहत नाही. ‘पाणी नाही’ आणि ‘बातमी नाही’ ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे त्यामुळे दूरच्या माणसाला कळते.

तथापि ह्या रीतीला तीन मर्यादा आहेत. पहिली अशी की, एका तारेवरून एकच राशी कळते. दुसरी अशी की, मर्यादा बदलली आणि ते कक्षात कळविले नाही, तर सगळे आकडे मुकाट्याने चुकतात. मापकात २०० ची ३०० केली व कक्षात २०० च राहिली, तर १२३.५ च्या जागी सुमारे ८२ दिसतील आणि कोठेही लाल दिवा लागणार नाही. तिसरी मर्यादा सर्वांत महागात पडते. दिवसभरात एकूण किती पाणी गेले, ही बेरीज कक्षातील उपकरण क्षणाक्षणाच्या आकड्यांवरून करते. तार दोन तास तुटली, तर तेवढ्या वेळचे २४७ घनमीटर पाणी हिशेबातून नाहीसे होते. शहरात दरडोई दर दिवशी १३५ लिटर पाणी द्यावे, असे भारतातील एक प्रचलित प्रमाण आहे. त्या मानाने हे सुमारे १,८०० माणसांचे एका दिवसाचे पाणी झाले. ते वस्तीत पोचले असते. पण वहीत त्याची नोंद झाली नसती.

तारेतील शब्दसंख्या

वडीलधाऱ्या वाचकांना तारखात्याची आठवण असेल. भारतातील तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली. तार पाठविताना तिच्या आरंभी एकूण शब्दांची संख्या कळविण्याची पद्धत होती. पलीकडचा तारमास्तर मजकूर उतरवून घेई, शब्द मोजी आणि संख्या जुळली नाही, तर पुन्हा विचारी. कोणाकडून, कोणाला, केव्हा आणि किती शब्द, एवढे आधी ठरलेले असल्यामुळेच शेकडो मैलांवरच्या दोन अनोळखी माणसांना एकमेकांवर विश्वास ठेवता येई.

दोन यंत्रांनी आकड्यांच्या भाषेत बोलावयाचे ठरविले, तर त्यांनाही अशाच नियमांची गरज असते. कोणी आधी बोलावे, कोणाला उद्देशून बोलावे, प्रश्न कसा मांडावा, उत्तर किती लांब असावे आणि ते शाबूत पोचले की नाही हे कसे ओळखावे, ह्या नियमांच्या संचाला ‘प्रोटोकॉल’ असे नाव आहे. आपण त्याला संदेशसंहिता म्हणू.

अशा संहितांपैकी फार मोठ्या प्रमाणावर वापरली जाणारी एक म्हणजे ‘मॉडबस’. मोडिकॉन ह्या अमेरिकन कंपनीने ती १९७९ साली आपल्या नियंत्रक यंत्रांसाठी तयार केली. तिचे नियम सर्वांना खुले असल्यामुळे निरनिराळ्या उत्पादकांनी त्या उचलल्या आणि आज अनेक प्रवाहमापक ही बोली बोलतात. संदेश वाहून नेण्यासाठी बहुधा एकमेकींभोवती पिळलेल्या दोन तारांची जोडी वापरतात. ह्या जोडणीचे मानक १९८३ सालचे असून मंद गतीने बोलल्यास संदेश सुमारे १,२०० मीटरपर्यंत पोचू शकतो. दोन्ही तारांवर उलटसुलट दाब असतो आणि ऐकणारा फक्त त्यांतील फरक पाहतो. शेजारच्या पंपाच्या मोटरीमुळे होणारा उपद्रव दोन्ही तारांना सारखाच बाधत असल्यामुळे वजाबाकीत तो बव्हंशी निघून जातो.

ह्या संभाषणात शिस्त कडक असते. कक्षातील यंत्र प्रश्न विचारते. मापक केवळ विचारल्यावर बोलतो. एकाच तारेवर अनेक मापक असले, तरी प्रत्येकाला १ ते २४७ ह्यांपैकी स्वतःचा क्रमांक असतो. समजा, पहिल्या क्रमांकाच्या मापकाला त्याचा प्रवाह विचारावयाचा आहे. तारेवरून आठ संख्या जातात :

१, ३, ०, ०, ०, २, १९६, ११

पहिला १ हा मापकाचा क्रमांक. ३ म्हणजे ‘तुझ्या कप्प्यांतील मजकूर वाचून दाखव’ ही आज्ञा. पुढील दोन शून्ये म्हणजे ‘आरंभीच्या कप्प्यापासून’, आणि ० व २ म्हणजे ‘दोन कप्पे’. शेवटच्या १९६ आणि ११ ह्या तारखात्याच्या शब्दसंख्येच्या जागी आहेत. आधीच्या सहा संख्यांवर एक ठराविक भागाकार करून त्या काढलेल्या असतात. मापक तोच भागाकार स्वतः करून पाहतो. वाटेत एखादी संख्या बिघडली असेल, तर मेळ बसत नाही आणि मापक गप्प राहतो. अस्ताव्यस्त बिघडलेला संदेशही योगायोगाने ह्या परीक्षेतून सुटण्याचा संभव ६५,५३६ मध्ये एक एवढाच असतो. ठरावीक वेळेत उत्तर आले नाही, की कक्षातील यंत्र पुन्हा विचारते. सर्वसाधारण गतीने हा सगळा प्रश्न तारेवरून जाण्यास सेकंदाचा शंभरावा भागही लागत नाही.

उत्तरातही तीच मांडणी असते : मापकाचा क्रमांक, आज्ञेचा पुनरुच्चार, किती संख्या येत आहेत ते, मग प्रत्यक्ष मजकूर आणि शेवटी पडताळा. आपल्या उदाहरणात मजकुराच्या चार संख्या ६६, २४७, ०, ० अशा येतील. १९८५ साली ठरलेल्या एका मानकाप्रमाणे १२३.५ ह्या अपूर्णांकाचे हे सांकेतिक रूप आहे.

एवढेच नव्हे, तर मापक दिवसाची बेरीजही स्वतःच्या स्मृतीत ठेवतो आणि दुसऱ्या कप्प्यांतून ती वाचता येते. म्हणजे तार दोन तास तुटली, तरी ती जुळताच खरी बेरीज पुन्हा हाती येते. मघाशी हरवलेले २४७ घनमीटर पाणी आता हरवत नाही. अंकीय संभाषणाचा पाणीपुरवठ्याला मिळालेला हा सर्वांत मोठा लाभ म्हणावा लागेल.

अक्षर शुद्ध, अर्थ अशुद्ध

येथवर वाचून कोणाला वाटेल की, आता मापात पाप उरले नाही. दुर्दैवाने तसे नाही. पडताळ्याच्या संख्या संदेश शाबूत आला एवढेच सांगतात. ऐकणाऱ्याने त्याचा अर्थ बरोबर लावला की नाही, हे त्या सांगू शकत नाहीत.

मॉडबसमधील एका कप्प्यात ० ते ६५,५३५ ह्यांपैकी एकच पूर्णांक मावतो. १२३.५ सारख्या अपूर्णांकाला म्हणून दोन कप्पे लागतात. आपल्या उदाहरणात पहिल्या कप्प्यात १७,१४३ आहेत (६६ ला २५६ ने गुणून २४७ मिळविले की हीच संख्या येते) आणि दुसऱ्यात शून्य. ह्या दोहोंपैकी आधी कोणता वाचावा, हे मॉडबसच्या मूळ नियमांत सांगितलेले नाही. काही उत्पादक एक क्रम पाळतात, काही उलटा. कक्षातील यंत्राने क्रम उलटा धरला, तर तेच दोन कप्पे मिळून एक विलक्षण क्षुद्र संख्या तयार होते : दशांशचिन्हानंतर चाळीस शून्ये आणि मग कोठे २४. पडद्यावर ती ०.० अशीच दिसणार.

परिणाम काय होईल ते पाहावे. नळ भरून वाहत आहे, मापक बरोबर मोजत आहे, तार शाबूत आहे, पडताळा जुळत आहे आणि कक्षातील माणसाला मात्र पाणी बंद दिसत आहे. तो पंप सुरू करण्याची आज्ञा देईल, किंवा वस्तीतून तक्रार नाही म्हणून पडदाच खोटा समजू लागेल. दुसरी शक्यता अधिक वाईट. कारण एकदा पडद्यावरचा विश्वास उडाला की खरी सूचनाही कोणी मनावर घेत नाही.

दुसरा खोडा मोजणीच्या आरंभाचा. अनेक माहितीपत्रकांत पहिल्या कप्प्याला एक क्रमांक दिलेला असतो, तर तारेवर त्यालाच शून्य म्हणतात. हा एकाचा फरक विसरला की शेजारच्या कप्प्यातील भलताच मजकूर वाचला जातो.

तिसरा खोडा एककाचा. १२३.५ काय? तासाला घनमीटर, की मिनिटाला लिटर? तासाला १२३.५ घनमीटर म्हणजे मिनिटाला सुमारे २,०५८ लिटर. दोहोंत जवळजवळ सतरा पटींचा फरक पडतो. एककाच्या घोटाळ्याने केवढी हानी होऊ शकते, हे सप्टेंबर १९९९ मध्ये साऱ्या जगाने पाहिले. मंगळाचे हवामान अभ्यासण्यासाठी अमेरिकेने पाठविलेले यान ग्रहाजवळ पोचताच नष्ट झाले. जमिनीवरील एका गणनकार्यात इंजिनाच्या रेट्याची माहिती ब्रिटिश एककांत दिली जात होती आणि ती वापरणारे दुसरे गणित मेट्रिक एकके गृहीत धरीत होते. आकडे शुद्ध पोचले होते. त्यांचे एकक सोबत गेले नव्हते.

ह्याचा उपाय कागदोपत्री आहे, आणि तो टाळता येत नाही. मापक बसविताना त्याच्या पत्रकातील कप्प्यांचा तक्ता, त्यांचा क्रम व एकके लिहून काढावीत. मग मापकाच्या स्वतःच्या पडद्यावर दिसणारा आकडा आणि कक्षातील आकडा दोन माणसांनी एकाच क्षणी वाचून जुळवावेत. पाणी वाहताना एकदा आणि झडप बंद करून एकदा. ह्या साध्या परीक्षेत वरील तिन्ही चुका बहुधा पकडल्या जातात.

एका तारेवर दोन बोली

जुनी चार ते वीस मिलिअँपिअरची रीत टाकून न देता तिच्यावरच अंकीय संभाषण चढविण्याची युक्ती १९८० च्या दशकाच्या मध्यास रोझमाउंट ह्या अमेरिकन कंपनीने काढली. तिचे नाव ‘हार्ट’. हे इंग्रजी आद्याक्षरांपासून बनलेले नाव आहे. हृदयाशी त्याचा संबंध नाही. पुढे ही संहिताही सर्वांना खुली करण्यात आली.

तंबोऱ्याचा षड्ज स्थिर वाजत असतो आणि त्यावर गायक आपले स्वर आळवितो, तशी काहीशी ही व्यवस्था आहे. तारेतील १३.८८ मिलिअँपिअरचा स्थिर प्रवाह पूर्वीप्रमाणे पाण्याचे माप सांगत राहतो. त्याच्यावर अर्ध्या मिलिअँपिअरची एक बारीक थरथर चढवितात. सेकंदाला १,२०० कंपने झाली तर तो अंक १ समजावयाचा. २,२०० झाली तर ०. थरथर जेवढी वर जाते तेवढीच खाली येते. म्हणून तिची सरासरी शून्य होते व मूळ मापाला धक्का लागत नाही. गती बेताची, सेकंदाला १,२०० द्विमान अंक एवढीच. जुन्या तारा मात्र उखडाव्या लागत नाहीत. ज्या कारखान्यांनी मैलोगणती तारा पुरल्या होत्या, त्यांना हा मोठाच दिलासा होता.

हार्टमध्ये एककाचा खोडाही बऱ्याच अंशी निघाला. मापक आपला आकडा सांगतो तेव्हा एककाचा सांकेतिक क्रमांक सोबत देतो. १९ म्हणजे तासाला घनमीटर, १७ म्हणजे मिनिटाला लिटर. आकड्याने आपले आडनाव सांगूनच घरात पाऊल टाकावे, असा हा शिष्टाचार आहे.

यंत्राने सांगितलेले दुखणे

ह्या शिष्टाचाराचा आणखी एक भाग आहे आणि तो सर्वांत मोलाचा आहे. हार्टच्या प्रत्येक उत्तरात मापकाच्या प्रकृतीची दोन चिन्हे असतात. मॉडबस बोलणाऱ्या अनेक मापकांतही प्रकृतीसाठी वेगळा कप्पा राखलेला असतो. ‘माझे वेटोळे तुटले आहे’, ‘प्रवाह मर्यादेबाहेर गेला आहे’, ‘नळ रिकामा आहे’, असे मापक त्यातून कळवू शकतो.

शेवटचे वाक्य विशेष महत्त्वाचे आहे. विद्युत्‌चुंबकीय मापक नळ पूर्ण भरला आहे असे धरून चालतो. नळ अर्धाच भरला असेल, तर तो अर्ध्या छेदातील वेगाला पूर्ण छेदाने गुणतो आणि नसलेले पाणी दाखवितो. नळ रिकामा होऊन बटणे उघडी पडली, तर आकडा भरकटतो. ठरावीक तासांपुरताच पुरवठा होणाऱ्या नळांत ही अवस्था रोज येऊ शकते. मापकाने त्या वेळी प्रकृतीचे चिन्ह उभारले आणि ऐकणाऱ्याने ते वाचले, तर त्या वेळचे आकडे हिशेबातून बाजूस ठेवता येतात. परंतु कक्षातील यंत्राला केवळ प्रवाहाचे दोन कप्पे वाचण्यास सांगितले असेल, तर मापकाने कितीही विनविले, तरी त्याचे दुखणे कोणाच्या कानी पडत नाही.

काही दुखणी मापकाला स्वतःलाही कळत नाहीत. वळणाला किंवा झडपेला लागून मापक बसविला, तर पाणी भोवरे घेत आत शिरते आणि वेग नीट मोजला जात नाही. म्हणून मापकाच्या अलीकडे नळाच्या व्यासाच्या साधारण पाचपट आणि पलीकडे दोन ते तीनपट सरळ लांबी सोडण्याचा प्रघात आहे. ह्या नियमाकडे दुर्लक्ष केले, तर चुकीचे माप अगदी शुद्ध संदेशातून कक्षात पोचते. संदेशसंहिता प्रामाणिक पोस्टमनासारखी असते. ती पत्र सुरक्षित पोचविते, पत्रातला मजकूर खरा आहे याची हमी देत नाही. ती हमी मापकाची वेळोवेळी पारख करूनच मिळते. पुण्याजवळ खडकवासला येथे १९१६ साली सुरू झालेल्या संस्थेची परंपरा चालविणारे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. पाण्याचा वेग मोजणाऱ्या उपकरणांची पारख हे तेथील जुने काम आहे.

मॉडबसविषयी आणखी एक सावधगिरी सांगितली पाहिजे. १९७९ साली ती घडविली तेव्हा कारखान्याची तार कारखान्याच्या कुंपणातच राहत असे. म्हणून विचारणारा कोण आहे, हे तपासण्याची सोय तिच्या मूळ नियमांत नाही. कप्पे वाचण्याची आज्ञा जशी आहे, तशी ते बदलण्याचीही आहे. आज हेच संदेश इंटरनेटच्या जाळ्यावरून जाऊ शकतात. तेव्हा मापकाची तार सार्वजनिक जाळ्यापासून अलग ठेवणे आणि लिहिण्याच्या आज्ञेला कुलूप घालणे, ही जबाबदारी वापरणाऱ्यावर येते.

नदीच्या दोन्ही काठांचा हिशेब

रायपूरच्या उत्तरेस उरला आणि सिलतरा ही औद्योगिक क्षेत्रे आहेत. तेथे लोखंड व पोलादाचे अनेक कारखाने उभे आहेत. कारखान्याला पाणी लागते आणि वापरलेले पाणी बाहेर टाकावेही लागते. जमिनीतून किती उपसले आणि बाहेर किती सोडले, हे कारखान्याच्या वहीवरून ठरवावयाचे, की मापकाच्या तोंडून ऐकावयाचे, हा शेजारच्या गावांच्या विहिरींचा आणि नदीचा प्रश्न आहे.

ह्या बाबतीत देशात दोन पावले टाकली गेली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ च्या फेब्रुवारीत अतिप्रदूषक गणलेल्या सतरा प्रकारच्या उद्योगांना सांडपाणी व धूर ह्यांचे सतत मापन करणारी उपकरणे बसविण्यास आणि त्यांची माहिती थेट मंडळांकडे पाठविण्यास सांगितले. लोखंड-पोलाद उद्योग त्या सतरांत मोडतो. त्यानंतर २०२० च्या सप्टेंबरात केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या मार्गदर्शक तत्त्वांनी भूजल उपसणाऱ्या उद्योगांसाठी दूरसंदेशाची सोय असलेला अंकीय प्रवाहमापक आवश्यक ठरविला. महाराष्ट्रातही २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने पाणी घनमापाने मोजून देण्याच्या तत्त्वाला बळ दिले.

असे मापक आता दूरच्या कार्यालयाशी बोलतात आणि त्यांच्या आकड्यांवरून परवाने, दंड व तक्रारी ठरू शकतात. तेव्हा त्या आकड्यासोबत मापकाचा क्रमांक, एकक, वेळ आणि प्रकृतीचे चिन्ह आले की नाही, हा केवळ अभियंत्याचा प्रश्न राहत नाही. प्रकृतीचे चिन्ह गाळून आलेला शून्याचा आकडा ‘कारखान्याने सांडपाणी सोडले नाही’ असे सांगत असेल. कदाचित तो ‘मापकाची वीज बंद होती’ असेही सांगत असेल. दोहोंतील भेद ज्याला विचारता येतो, त्यालाच नदीच्या बाजूने बोलता येते.

घरातील एक प्रयोग

शाळेतील विद्यार्थ्यांनी हा विषय आपल्या नळावर पडताळून पाहावा. ज्या बादलीचे माप लिटरमध्ये ठाऊक आहे, अशी एक बादली घ्यावी आणि ती किती सेकंदांत भरते ते घड्याळावर पाहावे. दहा लिटरची बादली चाळीस सेकंदांत भरली, तर मिनिटाला पंधरा लिटर, म्हणजे तासाला ०.९ घनमीटर पाणी येते. सकाळी, दुपारी आणि सायंकाळी हे माप घ्यावे व एका मित्राकडे ते चिठ्ठीने पाठवावे.

पहिल्या दिवशी चिठ्ठीवर केवळ ‘१५’ एवढेच लिहावे. मित्र कोणकोणते प्रश्न विचारतो, ते टिपून घ्यावेत. कोणत्या नळाचे? कशाचे पंधरा? केव्हाचे? नळ पूर्ण सोडला होता काय? बादली गळकी तर नव्हती? चिठ्ठी वाटेत कोणी बदलली नाही, हे कशावरून? ह्या सर्व प्रश्नांची उत्तरे दुसऱ्या दिवशीच्या चिठ्ठीवर ठरावीक क्रमाने लिहिली की संदेशसंहिता तयार झाली, असे समजावे. समता कॉलनीच्या नळापासून सिलतऱ्याच्या कारखान्यापर्यंत खड्ड्यांत बसलेले मापक जे बोलतात, ते ह्याच चिठ्ठीचे आकड्यांतील रूप आहे.